विहिरीचे पाणी आणि कमी पडलेला एक मीटर

मार्च महिन्यात लातूर जिल्ह्यातील आमच्या शाळेत आठवीच्या वर्गाला वातावरणीय दाब शिकवत असताना एका मुलीने विचारले, "सर, विहिरीचं पाणी खाली गेलं म्हणून पप्पांनी तीन एचपीची मोटर काढून पाचची बसवली, तरी पाणी उचलत नाही. असं का?" मोटर काठावर होती आणि पाणी सदतीस फुटांवर. फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) आणि पाइपचे सगळे जोड तपासून झाले होते. नव्या मोटरीसाठी घरच्यांनी उसनवारीही केली होती.

मी धडा बाजूला ठेवला. काठावरची मोटर पाणी ओढत नाही. ती पाइपमधील दाब कमी करते आणि विहिरीच्या पाण्यावर दाबणारी बाहेरची हवा पाणी वर ढकलते, हे मुलांना पटायला वेळ लागला. एकदा ते पटले की मोटर कितीही मोठी असली तरी हवेच्या ताकदीपलीकडे पाणी चढणार नाही, हे ओघानेच येते. मुलांनी गणित मांडले: समुद्रसपाटीवरील दाब १,०१,३०० पास्कल, त्याला पाण्याची घनता १,००० आणि गुरुत्वत्वरण ९.८ यांच्या गुणाकाराने भागले की उत्तर १०.३ मीटर, म्हणजे सुमारे चौतीस फूट. उदाहरण सुटले होते, पण मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "आमची तर तीस फुटांनाच बंद पडते." माझ्या मते त्या दिवसाचे खरे भौतिकशास्त्र या वाक्यापासून सुरू झाले.

ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन दुपारी आम्ही गावाच्या जलकुंभाखाली जमलो. मुले खालीच थांबली. साधा मऊ पाइप आत चेपला जातो, म्हणून नायलॉनची जाळी असलेला बारा मीटरचा जाड पारदर्शक पाइप आणला होता. तो पाण्याने पूर्ण भरून दोन्ही तोंडे बंद केली, एक तोंड बादलीतील पाण्यात बुडवले आणि दुसरे पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने दोरीने वरच्या सज्जापर्यंत ओढून घेतले. बादलीतले तोंड उघडताच पाइपमधील पाणी झरझर खाली आले आणि थांबले. वर मोकळी जागा दिसू लागली, आणि पाण्यातून बारीक बुडबुडे एकसारखे वर येत राहिले. रोममध्ये १६४० च्या सुमारास गास्पारो बेर्ती या इटालियन अभ्यासकाने असाच प्रयोग घराच्या भिंतीलगत उभ्या केलेल्या नळीत केला होता. आमच्या टेपवर बादलीतील पाण्यापासूनची उंची भरली ९.१ मीटर.

एक मीटरहून अधिक उंची कुठे गेली, याचा शोध मुलांनीच लावावा असा माझा आग्रह होता. आपला भाग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, हे त्यांना भूगोलातून ठाऊक होते. सहकारी शिक्षकांच्या मोबाइलमधील दाबमापकाने ९४३ हेक्टोपास्कल, म्हणजे ९४,३०० पास्कल, दाखवले आणि मर्यादा ९.६ मीटरवर आली. मग मोकळ्या जागेचा प्रश्न उरला. ती पूर्ण रिकामी नसते, तेथे पाण्याची वाफ असते. बादलीतील पाणी ३० अंश सेल्सिअस होते आणि त्या तापमानाला बाष्पदाब सुमारे ४,२०० पास्कल असतो, म्हणजे आणखी ४३ सेंटिमीटर वजा. उत्तर ९.२ मीटरच्या जवळ आले. उरलेला थोडा फरक बुडबुड्यांतून सुटलेल्या हवेचा असावा, असे त्याच मागच्या बाकावरच्या मुलाने सुचवले आणि ते मला योग्य वाटले.

प्रत्यक्ष विहिरीत पाइपमधील घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज यांमुळे पंचवीस फुटांपलीकडे भरवसा ठेवता येत नाही. पंपात आलेले पाणी पुढे वर ढकलताना मात्र ही मर्यादा लागू होत नाही. तेथे मोटरीची ताकद कामी येते. हे सगळे त्या मुलीने आकृतीसह वहीत लिहून घरी नेले. तिच्या वडिलांनी विहिरीत लोखंडी गर्डर टाकून पाण्यापासून पंधरा फुटांवर जुनी तीन एचपीचीच मोटर बसवली, आणि पावसाळ्यात पाणी चढले की ती वर घेता यावी म्हणून चेन-पुलीची सोयही करून ठेवली.