हळू उघडतानाची अडखळ गेली, झटक्याची अजून बाकी

थ्रॉटल उघडला की माझ्या गाडीचं इंजिन अडखळायचं, म्हणून मागच्या नोंदीत कार्ब्युरेटरचा स्क्वर्टर (थ्रॉटल उघडताना जास्तीचं पेट्रोल फवारणारं तोंड) ३१ वरून ३७ वर नेला होता आणि ती फवारणी करणाऱ्या पंपाचा कॅमही मोठा लावला होता. झटक्यात थ्रॉटल उघडला की इंजिन आता बऱ्यापैकी उचलत होतं. पण थ्रॉटल अगदी सावकाश उघडला की आयडलच्या जरा वर तीच मरगळ, वाइडबँडवर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर; आकडा मोठा म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी) १७ च्या पुढचा आकडा आणि मधूनच कार्बमधून वर येणारा फटका.

सगळं निदान या एका फरकावर उभं आहे. पंपाची फवारणी थ्रॉटल किती वेगाने हलतो यावर ठरते. सावकाश उघडताना ती इतकी पसरते की असून नसल्यासारखी. त्या पट्ट्यात, म्हणजे कार्बचं मेन सर्किट बूस्टरमधून (हवेच्या वाटेतलं पेट्रोलचं मुख्य तोंड) पेट्रोल ओढायला लागेपर्यंत, इंजिनाला पेट्रोल मुख्यतः ट्रान्सफर स्लॉटच (थ्रॉटल प्लेटच्या कडेशी असलेली, प्लेट उघडेल तशी उघडी पडणारी फट) पुरवतो. त्यामुळे सावकाश उघडतानाही अडखळ येत असेल तर स्क्वर्टर आणि कॅम बदलणं तिथेच थांबवावं. माझं तर मत असं की निदानाची सुरुवातच सावकाश उघडून करावी, झटका नंतर.

सेटअप तोच: ३५० स्मॉल ब्लॉक, ०.०५० इंच लिफ्टला साधारण २४० अंशांचा इंजिनाचा कॅमशाफ्ट, ७५० सीएफएमचा होली डबल पंपर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आयडलला व्हॅक्यूम ९ इंच, ड्राइव्हमध्ये टाकला की ७.

पहिला धागा मिक्स्चर स्क्रूंनी (आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारे) दिला. प्रायमरीचे दोन्ही स्क्रू पूर्ण आत बसवले तरी इंजिन चालूच राहिलं. याची नेहमीची कारणं दोन: पॉवर व्हॉल्व्हचा (व्हॅक्यूम पडला की जास्तीचं पेट्रोल सोडणारा) पडदा फाटलेला, नाहीतर आयडललाच ट्रान्सफर स्लॉट गरजेपेक्षा जास्त उघडा. व्हॉल्व्ह काढून हातपंपाने व्हॅक्यूम दिला, त्याने तो नीट धरला. फ्लोटची पातळी साइट प्लगच्या खालच्या कडेला, इंधनाचा दाब ६ पीएसआय. इनटेकच्या कडांवर आणि बेस गॅस्केटवर कार्ब क्लीनर मारून पाहिला, आरपीएम जराही हलला नाही, म्हणजे हवेची गळती नाही. उरला स्लॉट.

आयडल स्क्रूला हात न लावता कार्ब उतरवून उलटा धरला. थ्रॉटल प्लेटच्या कडेखाली स्लॉटचा छोटा चौकोन दिसायला हवा, उंची साधारण ०.०२० इंच. इथे उभी लांब फट दिसत होती. शेजारी ५० नंबरच्या ड्रिलचा दांडा धरला तर उंची जवळजवळ त्याच्या जाडीएवढी, म्हणजे ०.०७० इंच. मोठ्या कॅमशाफ्टमुळे व्हॅक्यूम कमी, म्हणून आयडल टिकवायला स्क्रू आत दाबत नेलेला, म्हणून प्लेट वर सरकलेली. स्लॉटचा बराचसा भाग आयडललाच खर्ची पडला. पुढे प्लेट उघडली की हवा वाढते, पण नव्याने उघडायला स्लॉट फारसा शिल्लक नसतो. तीच ती लीन दरी.

आता प्लेट बंद करायची तर आयडलला लागणारी हवा दुसरीकडून आणायला हवी. फुकटचा उपाय आधी केला. इनिशियल टायमिंग (आयडलला ठिणगी किती आधी पडते ते) १२ वरून १८ अंशांवर नेलं आणि मेकॅनिकल ॲडव्हान्सला बुश लावून टोटल ३५ वर रोखलं. एवढ्यानेच आरपीएम चढला, स्क्रू मागे घेता आला आणि स्लॉट ०.०४५ वर आला. व्हॅक्यूम ॲडव्हान्स मुद्दामच मॅनिफोल्डवर जोडलेला नाही: ७ इंचांवर साधा कॅनिस्टर पूर्ण ओढला जात नाही, टायमिंग डोलत राहतं आणि आयडलही त्याच्याबरोबर.

मग सेकंडरीचा स्टॉप स्क्रू, तो खालून असतो. अर्धा फेरा उघडल्यावर प्रायमरी स्लॉट ०.०३० वर आला. याहून जास्त नको, कारण सेकंडरीलाही स्वतःचा ट्रान्सफर स्लॉट आहे आणि तो फार उघडला तर तिथून येणाऱ्या पेट्रोलवर मिक्स्चर स्क्रूंचा ताबा चालत नाही. उरलेल्यासाठी दोन्ही प्रायमरी प्लेटमध्ये १/१६ इंचाचं एकेक भोक पाडलं, शाफ्ट आणि कड यांच्या मध्यावर. प्लेटचे स्क्रू ठोकून पक्के केलेले असतात, ते काढायच्या भानगडीत पडू नये. बेसप्लेट सुटी करून भोक जागेवरच पाडावं आणि बुरी साफ करावी. थेट ३/३२ ने सुरुवात करणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही. भोक वाढवायला मिनिट लागतं, बुजवायला सोल्डर.

आता स्लॉट बरोबर चौकोनी दिसतो. मिक्स्चर स्क्रू सव्वा फेऱ्यावर आहेत आणि आत घेतले की इंजिन मरतं, म्हणजे ताबा त्यांच्याकडे आला. सावकाश उघडताना वाइडबँड १३.८ ते १४.५ च्या मध्ये राहतो. गाडी ब्रेकवरून पाय काढताच मऊ सरकते. हे सुख वेगळंच आहे! आयडलच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. इतक्या ओव्हरलॅपला (इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि तो खोटं लीन दाखवतो. तिथे व्हॅक्यूम गेज आणि कान जास्त खरे.

एवढं झालं आणि झटक्याला नवीन त्रास सुरू झाला: आकडा १० पर्यंत कोसळतो, काळा धूर निघतो, मग इंजिन उचलतं. ३७ चा स्क्वर्टर इतके दिवस स्लॉटची कमतरता झाकत होता. आता ती उरली नाही, तर तेवढं पेट्रोल जास्तच होणार. स्क्वर्टर परत ३१ वर आणि कॅमही आधीचा. शिवाय प्लेट खाली आल्याने पंपाच्या लिव्हरची जागा बदलली आहे. आयडलला शून्य ढिलाई आणि पूर्ण उघड्या थ्रॉटलला ०.०१५ इंच मोकळीक, हे दोन्ही पुन्हा बसवायचं आहे. सोबत बाऊल उघडून ६.५ चा, म्हणजे ६.५ इंच व्हॅक्यूमला उघडणारा, पॉवर व्हॉल्व्हही निघेल. ड्राइव्हमध्ये ७ इंच असताना तो उघडायच्या काठावरच असतो. ३.५ बसेल. गॅस्केट न चिकटणारी निळीच घ्या. स्वस्त किटमधली कागदी गॅस्केट दर वेळी खरवडावी लागतात आणि त्यांचे पंप डायफ्राम इथेनॉलच्या पेट्रोलात आखडतात.

अजून एक जागा राहिली आहे. स्थिर १८०० आरपीएमला हलक्या थ्रॉटलवर १५.८ आणि बारीक हेलकावा. आयडल फीड रिस्ट्रिक्शन (आयडल आणि ट्रान्सफर स्लॉटचं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) ०.०३१ वरून ०.०३३ करायचं ठरवलं होतं, ६६ नंबरची ड्रिल काढूनही ठेवली होती. पण हे लिहितानाच पीसीव्हीकडे (क्रॅंककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) लक्ष गेलं. साधा पीसीव्ही मधल्या व्हॅक्यूमला सर्वाधिक हवा सोडतो आणि हलक्या थ्रॉटलला हे इंजिन नेमकं त्याच पट्ट्यात असतं. तेव्हा ड्रिल बाजूला. आधी १८०० वर धरून पीसीव्हीची नळी चिमटीने दाबायची. आकडा १४.५ च्या आसपास आला तर रिस्ट्रिक्शनला हात लावायचा नाही, प्रवाह बांधता येणारा पीसीव्ही बसवायचा. मात्र त्याची हवा कमी केली की आयडलचीही कमी होणार, तेव्हा प्लेटमधली भोकं ५/६४ करावी लागतील का, हे स्लॉट पुन्हा मोजल्यावर कळेल.