परगावचा सामना : स्लाऊ ते बाथ

माझे फुटबॉल कोल्हापुरात, मंगळवार पेठेत सुरू झाले, आणि तिथल्या फुटबॉलमध्ये परगावचा सामना ही गोष्टच नाही. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटातले सोळा संघ वेगवेगळ्या पेठांचे आणि तालमींचे असले, तरी सामने सगळे एकाच राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात. पाटाकडील तालीम असो, शिवाजी तरुण मंडळ असो किंवा दिलबहार, मैदान सगळ्यांना सारखेच. आपल्या पेठेची माणसे गॅलरीच्या एका बाजूला बसतात, समोरच्या पेठेची दुसऱ्या बाजूला, आणि सामना संपला की सगळे आपापल्या गल्लीत परततात. त्यामुळे संघाच्या मागे दुसऱ्याच्या गावी जायचे, त्यांच्या मैदानावर उभे राहायचे आणि रात्री परत यायचे, हे मी पहिल्यांदा केले ते चाळिशी ओलांडल्यावर, इंग्लंडमध्ये. त्या पहिल्या खेपेला काय काय करावे लागले आणि काय काय घडले, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

नोकरीनिमित्त आम्ही लंडनच्या पश्चिमेला स्लाऊ इथे राहतो. इथला स्लाऊ टाऊन हा क्लब 1890 सालचा. इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलच्या वरच्या चार श्रेणींत मिळून 92 क्लब आहेत आणि त्यांच्या खालच्या सगळ्या विस्ताराला नॉन-लीग म्हणतात. 1888 साली फुटबॉल लीग स्थापन झाली आणि जे क्लब तिच्या बाहेर राहिले त्यांना हे नाव चिकटले, ते आजपर्यंत तसेच आहे. स्लाऊ टाऊन सहाव्या श्रेणीत, नॅशनल लीग साउथमध्ये खेळतो. या पातळीवरचे बहुतेक खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करतात, संध्याकाळी सराव करतात आणि शनिवारी सामना खेळतात. कोल्हापुरातल्या खेळाडूंचे आयुष्य ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. दूरचित्रवाणीवर दिसणारे इंग्लिश फुटबॉल मला कधीच आपले वाटले नव्हते. आर्बर पार्क या स्लाऊच्या मैदानाच्या कठड्याला टेकून उभा राहिलो तेव्हा पहिल्याच दिवशी वाटले.

आमच्या समर्थकांच्या गटातले एक ज्येष्ठ गृहस्थ सत्तरी ओलांडलेले आहेत. इथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारतो, पण घरी त्यांचा उल्लेख काका असाच होतो. क्लबला स्वतःचे मैदान नव्हते, त्या 2003 ते 2016 या तेरा वर्षांत संघ आधी विंडसरच्या आणि नंतर बीकन्सफील्डच्या मैदानावर आश्रितासारखा खेळला, आणि काका त्या सगळ्या वर्षांत त्याच्यामागे जात राहिले. ते म्हणाले, "तेरा वर्षे आमचे घरचे सामनेही परगावीच होते. एकदा तरी आमच्याबरोबर बाहेर चल, मग तुला क्लब कळेल." काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बाथ सिटीविरुद्धचा सामना ठरला आणि मी दहा वर्षांच्या मुलाला घेऊन जायचे कबूल केले.

तयारीत काकांनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली तिकिटाची. तीन ते नऊ प्रौढ एकत्र प्रवास करत असतील आणि गर्दीची वेळ टाळत असतील, तर रेल्वेच्या तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. आम्ही तिघे प्रौढ होतो : काका, एक शिक्षिका आणि मी, मुलाचे अर्धे तिकीट वेगळे. ठरावीक गाडीचे आगाऊ तिकीट कधीकधी आणखी स्वस्त पडते, पण ते त्या एकाच गाडीला बांधलेले असते, म्हणून काका हिवाळ्यात ते कधीच काढत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, सामन्याच्या दिवशी सकाळी यजमान क्लबची सूचना पाहिल्याशिवाय घर सोडायचे नाही, कारण मैदानाची पाहणी करून पंच सामना रद्द करू शकतात. मला याची कल्पनाच नव्हती. आर्बर पार्कचे मैदान कृत्रिम गवताचे आहे, तिथे कितीही पाऊस पडला तरी चेंडू घरंगळतो. खऱ्या गवताचे मैदान पाणी धरते, हे मी इंग्लंडमध्ये विसरूनच गेलो होतो. त्याखेरीज पत्नीने एक तयारी केली. परक्या गावी जाताना हात रिकामा असू नये, म्हणून तिने स्टीलच्या मोठ्या डब्यात लसूण-मिरचीची फोडणी दिलेले भडंग भरून दिले.

त्या शनिवारी पाऊस होताच. सकाळच्या पाहणीत मैदान खेळण्यायोग्य ठरले, दुपारी आणखी एक पाहणी होणार असे कळवले होते, आणि तेवढ्या भरवशावर आम्ही निघालो. स्लाऊ स्थानकाच्या पाच नंबरच्या फलाटावर काचेच्या पेटीत जिम नावाचा कुत्रा पेंढा भरून ठेवला आहे. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या विधवा आणि अनाथ मुलांसाठी तो पाठीवर पेटी बांधून पैसे गोळा करत असे, 1896 साली तो वारला. प्रवासाला निघताना त्या काचेला हात लावायचा, हा माझ्या मुलाने स्वतःच घालून घेतलेला नियम आहे. तो पाळून आम्ही रीडिंगला गाडी बदलली. स्विंडन गेले, चिपनहॅम गेले आणि गाडी बॉक्सच्या बोगद्यात शिरली. ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेला, 1841 मध्ये सुरू झालेला हा बोगदा जवळजवळ तीन किलोमीटर लांब आहे. आत शिरताच चौघांच्याही बोलण्यात आणि फोनमध्ये खंड पडला. पलीकडच्या उजेडात आलो आणि तिन्ही फोन एकामागोमाग एक थरथरले. मैदानात पाणी साचले होते. सामना रद्द.

मुलाचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटले. दिवस गेला, भाडे गेले, आणि बाथ स्थानक पाच मिनिटांवर असताना गेले. परतीची गाडी पकडू असे मी म्हणालो, पण काकांचे मत वेगळे होते. ते म्हणाले, "आलोच आहोत तर मैदान बघून जाऊ. ते लोक सकाळपासून पाणी उपसत असतील." त्यांच्या स्वरात तक्रार अजिबात नव्हती.

बाथ सिटीचे मैदान, ट्वर्टन पार्क, शहराच्या पश्चिमेला, गावापासून थोडे दूर आहे. भिजत चालत पोहोचलो तेव्हा फाटक उघडेच होते. सात-आठ माणसे हातात लांब दातांचे काटे घेऊन गोलपोस्टसमोरची जमीन टोचत होती, म्हणजे पाणी खाली मुरावे. सामना तर रद्द झालेला, तरीही त्यांचे काम चालूच होते. गोलच्या समोर बूट घोट्यापर्यंत बुडेल इतका चिखल होता आणि पांढऱ्या रेघा विरघळून हिरव्यात मिसळल्या होत्या. आमचे पिवळे-निळे मफलर दिसताच त्यातला एकजण काटा खाली ठेवून धावत आला आणि आम्ही उगाच इतक्या दूर आलो म्हणून त्याने माफी मागितली. जणू पाऊस त्यानेच पाडला होता. चहाच्या खिडकीवरच्या बाईंनी पैसे न घेता सगळ्यांना चहा दिला. मी डबा उघडला. तिखट लागेल असे आधीच सांगितले होते, तरी त्या चिखलाने माखलेल्या हातांनी सगळ्यांनी मूठ-मूठ भडंग घेतले, आणि एका गृहस्थांनी डोळ्यांतले पाणी पुसत दुसरी मूठही घेतली. बोलता बोलता गाडीची वेळ झाली, आम्ही घाईने निघालो आणि डबा तिथेच राहिला.

बाथ सिटी 2017 पासून समाजाच्या मालकीचा क्लब आहे, चित्रपट दिग्दर्शक केन लोच हे त्याच्या जुन्या आणि जाहीर समर्थकांपैकी एक. मालकी म्हणजे काय, हे मला त्या दुपारी काटे टोचणाऱ्या माणसांकडे पाहून जास्त कळले.

सामन्याची नवी तारीख एका मंगळवारी, रात्री पावणेआठला ठरली. मंगळवार म्हणजे मुलाची शाळा, माझी अर्ध्या दिवसाची रजा आणि परतीच्या शेवटच्या गाडीची काळजी. या श्रेणीतल्या क्लबांना रद्द झालेले सामने असेच कामाच्या दिवसांत बसवावे लागतात, आणि त्याचा खरा भार खेळाडूंवर पडतो, कारण त्यांनाही दुपारी काम सोडून यावे लागते आणि सकाळी पुन्हा हजर व्हावे लागते. ट्वर्टनच्या जवळ ओल्डफील्ड पार्क हे छोटे स्थानक आहे, पण रात्री त्याच्या भरवशावर राहू नये म्हणून काकांनी परतीसाठी टॅक्सी आधीच सांगून ठेवली होती. लहान मुलाला घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने हे करावे, कारण वाढीव वेळ धरून सामना संपायला पावणेदहा होतात आणि मग मुख्य स्थानकापर्यंत चालत पोहोचण्याइतका वेळ उरत नाही.

फाटकाशी तिकीट काढून आत शिरलो. प्रौढांचे तिकीट या पातळीवर साधारण पंधरा ते वीस पौंडांच्या दरम्यान असते. दिव्यांच्या उजेडात तेच मैदान ओळखू येत नव्हते. ब्रिस्टल रोव्हर्स या वरच्या फुटबॉल लीगमधल्या क्लबने 1986 ते 1996 अशी दहा वर्षे इथे भाडेकरू म्हणून काढली आहेत, त्यामुळे सहाव्या श्रेणीच्या मानाने मैदान बरेच मोठे आहे. आम्ही कुठल्या बाजूला उभे राहायचे असे मी विचारले, तर काका म्हणाले की अजून ठरायचे आहे. मला उलगडा झाला तो नाणेफेकीनंतर. इथे दोन्ही बाजूंच्या समर्थकांना वेगळे कोंडलेले नसते. आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार, त्या गोलच्या मागे समर्थक जाऊन उभे राहतात, म्हणून कर्णधार कुठली बाजू निवडतो ते कळेपर्यंत सगळे थांबतात. नाणेफेक झाली तसे आम्ही तीस-एक जण गोलमागे गेलो आणि काकांनी पिशवीतून झेंडा काढला. चारही कोपऱ्यांना सुतळी शिवलेली. थंडीने बोटे वळत नव्हती, म्हणून दोन गाठी मुलाने मारल्या.

इतक्या जवळून मी शाहू स्टेडियमनंतर फुटबॉल पाहिले नव्हते. बूट चेंडूला लागल्याचा आवाज, बचावपटूंचे एकमेकांना ओरडणे, गोलरक्षकाचा श्वास, सगळे ऐकू येत होते. यजमानांनी पहिला गोल केला. मध्यंतराच्या थोडे आधी आम्हाला कॉर्नर मिळाला, चेंडू गर्दीतून कुणाच्या तरी डोक्याला लागून आत गेला, आणि गोल करणारा खेळाडू धावत थेट आमच्या कठड्यापाशी आला. मुलाने त्याच्या ओल्या बाहीला हात लावला आणि नंतर कितीतरी वेळ तो हात खिशात घातला नाही.

मध्यंतर झाले. काकांनी झेंड्याच्या गाठी सोडायला घेतल्या, कारण आता बाजू बदलणार होत्या. आम्ही झेंडा गुंडाळून मैदानाच्या कडेच्या वाटेने पलीकडच्या टोकाकडे निघालो, आणि समोरून बाथचे समर्थक आपले काळे-पांढरे झेंडे खांद्यावर टाकून आमच्या जागेकडे येत होते. वाट अरुंद होती. एका बाजूने तीस माणसे, दुसऱ्या बाजूने दोन-अडीचशे, सामना बरोबरीत. मी मुलाचा हात नकळत घट्ट धरला. माझ्या लहानपणी दोन पेठांची माणसे अशी समोरासमोर आली असती, तर थोरल्यांनी आम्हाला मागे ओढले असते. इथे लोक एकमेकांना वाट देत होते, "गोल चांगला होता" म्हणत होते, काका तर दोघा-तिघांशी उभे राहून गुडघेदुखीबद्दल बोलत होते. मला कोल्हापूरच्या गॅलरीतली ईर्ष्या आजही प्रिय आहे, ती कमी व्हावी असे मी म्हणणार नाही. पण अशी एक वाट शाहू स्टेडियमवर असती, तर मध्यंतरात आम्हीही समोरच्या पेठेतल्या माणसांची तोंडे जवळून पाहिली असती, असे मात्र मनापासून वाटले.

त्याच वाटेवर चहाची खिडकी होती. बाईंनी मुलाला ओळखले, थांबा म्हणाल्या आणि आतून आमचा डबा घेऊन आल्या. घासून लख्ख केलेला. हातात घेतला तर जड लागला. झाकण उघडले, आत चार बाथ बन होते, वरून साखरेचे खडे लावलेले. दुसऱ्याच्या घरून आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितले होते कोण जाणे. मी विचारले नाही. माझ्याने त्या वेळी नीट बोलवलेच नसते.

उत्तरार्धात आम्ही बरे खेळलो, पण शेवटच्या दहा मिनिटांत एक फ्री किक आमच्या बचावाच्या भिंतीला लागून आत गेली आणि एका गोलने हरलो. शिट्टी झाल्यावर आमचे सगळे खेळाडू चालत गोलमागे आले, कठड्याशी उभ्या असलेल्या प्रत्येकाशी त्यांनी हस्तांदोलन केले. गोल करणाऱ्याने मुलाला विचारले की उद्या शाळा आहे का. आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मलाही सात वाजता कामावर जायचे आहे."

टॅक्सी वेळेवर आली, गाडी मिळाली. बोगद्यात शिरण्याआधीच मुलगा काकांच्या खांद्यावर डोके ठेवून झोपला होता. आम्ही तिघांनी बन खाल्ले आणि चौथा त्याच्यासाठी डब्यात ठेवला. रीडिंगला त्याला उठवून दुसऱ्या गाडीत बसवावे लागले. स्लाऊला उतरलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. फलाटावरच्या जिमकडे मुलाचे लक्ष जाणार नाही असे मला वाटले होते, पण अर्धवट झोपेत चालता चालता त्याने काचेला हात लावला. झेंडा ओला होता आणि काका एकटे राहतात, म्हणून तो आम्ही आमच्या घरी आणला आणि जिन्याच्या कठड्यावर पसरून वाळत घातला. सुतळीच्या दोन गाठी तशाच होत्या, त्या सकाळी मुलाने सोडवल्या.