तांब्यावरचं नाव

परवा दुपारी माळा आवरायला काढला. म्हणजे काढला आवरायला आणि तासाभराने हॉलच्या मधोमध बसकण मारून भोवती भांडी मांडून बसले होते, दरवेळी होतं तसंच. त्यात आजीचा पितळी तांब्या निघाला. काळा पडलेला, दोन-तीन पोचे आलेले. खिडकीकडे तिरका धरला तर गळ्याखाली ठोक्याठोक्यांची अक्षरं दिसली. 'चि. यमू हिस'.

आता आमच्या आजीचं नाव लक्ष्मी. रेशनकार्डावर लक्ष्मी, हार घातलेल्या फोटोखालीही लक्ष्मी. मग ही यमू कोण म्हणून आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, "अगं तीच की! लग्नात बदललं ना नाव." बल्ब गेला म्हणून बदलला, त्या सुरात.

मला माहीत होतं हे असं असतं, सगळ्यांनाच असतं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नाव काढायचं आणि मग पेढे. मी स्वतः चार-पाच लग्नांत ते पेढे खाल्लेत आणि नाव छान आहे हो असंही म्हणलंय. पण एवढी वर्षं जिच्या कुशीत झोपले तिचं मूळ नाव मला एका तांब्याने सांगावं, हे जरा लागलंच.

भांड्यांवर नाव घालायचं मला लहानपणापासून भारी वेड. दिवाळीच्या आधी आई स्टीलचं काहीतरी घ्यायची आणि दुकानाच्या पायरीवर एक काका पायात भांडं धरून छिन्नी-हातोडीने टक टक टक नाव घालायचे. नंतर ते किर्रर्र करणारं मशीन आलं, त्याच्यात ती मजा नाही. नाव कायम बाबांचं, आणि तेही आद्याक्षरं, कारण लांबलचक कोण घालत बसणार. एकदा मी हट्टच धरला की माझं घाला. आई म्हणाली, "तुझं कशाला, तू काय जाणारेस." मी भोकाड पसरलं. शेवटी काकांनीच एक चमचा उचलला आणि त्याच्या दांडीवर 'मीना'तलं मावेल तेवढं घातलं. 'मी'. तो चमचा कुठं गेला देव जाणे, बहुतेक कुणाच्या तरी डब्यातून गेला.

आत्याला विचारलं, आजी कधी काही बोलली नाही का गं? तर म्हणे काय बोलायचं त्यात. आजोबांचं नाव मात्र ती मेली तरी नुसतं घ्यायची नाही, उखाण्यातच.

देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची. तिच्या याद्या करायला माणसं दारोदार फिरली तेव्हा बिहार, राजस्थान अशा भागांत कितीतरी बायका नावच सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, बस. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते, त्यांनी सांगितलं की स्वतःचं नाव नसेल तर यादीत घ्यायचं नाही, आणि जवळपास २८ लाख बायका यादीतून गेल्या. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा माणूस फार कडक वाटला होता. आता वाटतं बरोबरच केलं. मतपेटीला काय सांगणार, बंडूची आई आलीये म्हणून? अर्थात घरी बसून मला हे म्हणायला काय जातंय, मत त्यांचं गेलं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची तीन नावं आहेत. आधारवर एक, बँकेच्या पासबुकात माहेरचं, रेशनकार्डावर तिसरंच. २०२४ ला लाडकी बहीण आली, महिना १५०० रुपये, तेव्हा ह्या तीन बायका एकच आहेत हे पटवण्यात मावशींचे चार खाडे झाले आणि मी भांडी घासली. मग २०२५ मध्ये ई-केवायसी निघालं, त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर. वडील वारले, आणि नवरा बारा वर्षांपूर्वी जो गेला तो गेलाच. मावशी म्हणाल्या, "ताई, बहीण त्यांची मी ना? मग नवऱ्याला कशाला इचारतेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, चहा टाकला.

आणि त्याच २०२४ मध्ये सरकारने म्हणे १ मेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं ठरवलं. मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला मनापासून आवडलं ते, भाचीच्या बाळाचा दाखला मी दोनदा वाचला. पण त्याच निर्णयात विवाहित बाईचं स्वतःचं नाव मात्र आधीसारखंच, नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावून. म्हणजे भाचीचं नाव पोराच्या नावात जाऊन बसलं, तिच्या आईचं तिच्या नावात कुठंच नाही. पेपर हातात घेऊन जरा वेळ हिशोब करत बसले, मग कुकरची शिट्टी झाली.

आमच्या चौकात मागे एक फ्लेक्स होता. स्थानिक स्वराज्य संस्थांत महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांना, तशी ही महिला राखीव जागा. उमेदवार वहिनी. फोटो वहिनींचा पासपोर्ट साइज, भाऊंचा कमरेपर्यंत, हात जोडून. वहिनींच्या नावापुढे भाऊंचं टोपणनाव कंसात, म्हणजे मतदाराचा गोंधळ नको. वहिनी निवडून आल्या. त्यांचं नाव आत्ता आठवायला गेले तर मलाही आठवेना, भाऊंचं आठवतंय.

असो. तांब्याचं सांगत होते. आत्या म्हणाली ती अक्षरं आधी चांगली खोल होती, पण आजी दर सणाला चिंच लावून घसघस घासायची, तिला भांडं लख्ख लागायचं. 'यमू'तला 'य' तर बोट फिरवल्यावरच कळतो. काळा कुळकुळीत झालाय तांब्या, असा शोकेसमध्ये ठेवता येत नाही. चिंच भिजत घातलीये सकाळपासून, अजून हात लावला नाहीये.