सेंट लुशियाच्या धक्क्यावर उतरल्यावर

कॅरिबियन समुद्रातल्या जहाजप्रवासात प्रत्येक बेटावर जेमतेम आठ-नऊ तास मिळतात, आणि त्या वेळाचे काय करायचे हा प्रश्न जहाजावर पाऊल ठेवल्यापासून डोक्यात घोळत राहतो. माझ्या निवृत्तीचे निमित्त करून मुलीने आणि जावयाने गेल्या जानेवारीत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून निघणाऱ्या दहा रात्रींच्या जहाजाची चार तिकिटे काढली. त्या दोघांना रजा नव्हती, म्हणून मी, पत्नी, आमचे निपाणीचे व्याही आणि विहीणबाई असे चौघेच निघालो. आदल्या बेटावर आम्ही जहाजानेच ठरवून दिलेली सहल घेतली होती. चाळीस माणसांची बस प्रत्येक थांब्यावर रिकामी व्हायला दहा मिनिटे आणि भरायला पंधरा मिनिटे लागत. उरलेल्या वेळात मुंड्या मोजल्या जात. बेळगावहून शाळेची सहल घेऊन गोकाकच्या धबधब्यावर अनेकदा गेलेला मी मास्तर असल्यामुळे मोजणाऱ्याविषयी मला सहानुभूती होती, पण बेट पाहिल्याचे समाधान मात्र नव्हते. त्यामुळे सेंट लुशियासाठी व्याह्यांनी आधीच खासगी गाडी ठरविली होती. चौघांसाठी एक व्हॅन, सोबत वाटाड्या, आणि पैसे मात्र जहाजाच्या बसच्या चार तिकिटांपेक्षा कमी.

या व्यवहारातली खरी जोखीम पैशांची नसते, वेळेची असते. जहाजाने ठरविलेल्या सहलीची बस रस्त्यात अडकली, तर जहाज साधारणपणे तिच्यासाठी थांबते. आपण स्वतः ठरविलेल्या गाडीसाठी ते थांबत नाही, आणि जहाज सुटले तर स्वखर्चाने पुढचे बंदर गाठावे लागते. हे वाक्य आमच्या पत्नीने कुठेतरी वाचले होते, आणि आदल्या रात्रीपासून ती ते कुलदैवताच्या नावासारखे जपत होती.

कास्ट्रीज या राजधानीच्या बंदरात, पॉइंट सेराफीनच्या धक्क्यावर, सकाळी आठला आम्ही उतरलो. फाटकाबाहेर आमच्या नावाची पाटी धरून पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. गाडीही त्याच चालवणार होत्या आणि माहितीही त्याच देणार होत्या. नमस्कार-चमत्कार होण्याआधी त्यांनी आपले मनगट माझ्या मनगटाजवळ आणले. त्यांच्या घड्याळात साडेआठ वाजले होते, माझ्या घड्याळात साडेसात. फ्लोरिडात हिवाळ्यात घड्याळ या बेटांपेक्षा एक तास मागे असते, आणि जहाजाने दोन रात्रींपूर्वीच घड्याळे पुढे करायला सांगितले होते. मी मुद्दामच केले नव्हते, कारण मुलीला फोन कधी करायचा हे मला हिशेब न करता समजावे अशी माझी इच्छा होती. बाईंनी काही बोलून दाखविले नाही. फक्त पत्नीच्या घड्याळाकडे पाहिले, ते बरोबर असल्याची खात्री केली, आणि दिवसभर वेळेचा प्रत्येक प्रश्न तिलाच विचारला.

त्यांचा नियम साधा होता: आधी लांबचे, मग जवळचे. बहुतेक बस वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी थांबत दक्षिणेकडे जातात आणि परतताना घाई करतात. बाईंनी आम्हाला सरळ दक्षिणेकडच्या सूफ्रिएर गावाला नेले, म्हणजे दुपारनंतर काहीही अडचण आली तरी आम्ही बंदराच्या जवळच असणार. अंतर म्हणाल तर फार नाही, पण पश्चिम किनाऱ्याचा तो रस्ता आपल्या चोर्ला घाटासारखा आहे. तेच नागमोडी वळण, तीच दाट झाडी, आणि वळणावर समोरच्याला हॉर्नने दिलेली तीच सूचना. गाड्याही आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. फरक इतकाच, की इथे वळण संपले की खाली समुद्र दिसतो. आन्स ला रे आणि कॅनरीज ही मासेमारांची गावे मागे पडली, आणि एका टेकाडावर गाडी थांबली. समोर समुद्रातून सरळ वर आलेले दोन सुळके उभे होते: ग्रो पिटॉन ७७० मीटरचा, पेटी पिटॉन ७४३ मीटरचा. युनेस्कोने २००४ साली हा परिसर जागतिक वारसा म्हणून नोंदविला. देशाच्या झेंड्यावरचा त्रिकोण म्हणजे हेच डोंगर. व्याह्यांनी बराच वेळ पाहून एवढेच म्हटले, की पायथा दिसत नसलेला डोंगर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

सूफ्रिएर या फ्रेंच नावातच गंधक आहे, आणि गावाच्या वरच्या अंगाला गेल्यावर ते नाकालाही कळते. विझलेला म्हणता येणार नाही अशा ज्वालामुखीच्या खोलगट भागात करडा चिखल खदखदत असतो आणि वाफेचे लोट उठत असतात. त्यामुळे गरम झालेल्या पाण्याच्या कुंडांत लोक अंगाला चिखल फासून बसतात. कोकणात राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम झऱ्यांवर जाऊन आलेल्यांना यात नवल वाटायचे नाही, पण तिथे अशी जत्रा नसते. इथे तीन जहाजांची माणसे एका वेळी चिखलात उतरली होती, आणि खासगी गाडी असली तरी कुंड काही खासगी मिळत नाही. बाईंनी आम्हाला चांदीचे दागिने काढून ठेवायला सांगितले होते. विहीणबाईंनी गळ्यातले, हातातले काढले. पायातली जोडवी मात्र काढण्यातली नव्हती. पाय धुवून बाहेर आल्यावर पाहतो तर पांढरीशुभ्र जोडवी तव्यासारखी काळी पडलेली. वाफेतला गंधकाचा वायू चांदीला लागला की हेच होते. त्या थोड्या खिन्न झाल्या. पत्नीने जहाजावर परतल्यावर दात घासायच्या पेस्टने ती पुन्हा उजळविली, तेव्हा कुठे त्यांचे जेवणाकडे लक्ष गेले.

परतीच्या वाटेवर, रोझोच्या खोऱ्यात, आम्ही अर्धा तास थांबलो. दुतर्फा केळीच्या बागा होत्या आणि प्रत्येक घडावर निळी प्लास्टिकची पिशवी चढविलेली होती. थांबायला व्याह्यांनी सांगितले. त्यांच्या घरात तीन पिढ्या तंबाखूच्या व्यापारात गेल्या आहेत. शेतमाल दिसला की त्यांना दर विचारल्याशिवाय राहवत नाही. बाई लहानपणी आईबरोबर केळी बांधायच्या शेडमध्ये काम करीत असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या बेटावर उसाची जागा केळीने घेतली, आणि ब्रिटनची राखीव बाजारपेठ असल्यामुळे डोंगरउतारावरच्या दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यालाही ती परवडत असे. पुढे लॅटिन अमेरिकेतल्या अवाढव्य मळ्यांची केळी स्पर्धेत आली, १९९७ साली जागतिक व्यापार संघटनेने युरोपच्या त्या सवलतीविरुद्ध निकाल दिला, आणि एकामागून एक शेते ओस पडत गेली. त्यांच्या आईने शेत विकले, आणि त्यांनी गाडी घेतली.

“मग दर कोण ठरवायचं?” व्याह्यांनी मराठीतच विचारले, आणि मी भाषांतर केले.

“जो कधी शेतात येत नाही तो,” असे बाई म्हणाल्या.

व्याही हसले नाहीत. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखूच्या शेतकऱ्यांनी महामार्ग अडवून धरला होता आणि एप्रिलमध्ये गोळीबारात माणसे मेली होती. तेव्हा ते कॉलेजात होते. त्यांनी ते सारे सांगायला सुरुवात केली, मी जमेल तसे इंग्रजी करीत राहिलो, आणि बाई गाडीच्या बॉनेटला टेकून ऐकत राहिल्या. पत्नीने दोनदा घड्याळ दाखविले.

गाडीत बसल्यावर बाईंना फोन आला आणि त्या वेगळ्याच भाषेत बोलू लागल्या. ही क्वेयोल: शब्द पुष्कळसे फ्रेंच, बांधणी आफ्रिकेकडून आलेल्या गुलामांनी घडविलेली. हे बेट इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात चौदा वेळा इकडून तिकडे गेले आणि १८१४ साली कायमचे इंग्रजांकडे राहिले. त्यामुळे गावांची नावे फ्रेंच, कचेरीची आणि शाळेची भाषा इंग्रजी, आणि घरातली भाषा या दोन्हींपेक्षा निराळी. शाळेत क्वेयोल बोलल्याबद्दल त्यांच्या आईने छड्या खाल्ल्या होत्या. आता ऑक्टोबरअखेर त्याच भाषेचा सण साजरा होतो. बोर्ड कानडी, घरात मराठी, बाजारात दोन्ही, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती, अशा गावातून आलेल्या आम्हाला हे समजावून सांगावे लागले नाही. उलट मीच त्यांना सांगितले, की आमच्या गावाचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी आहे, आणि आमच्या घरात ते बेळगावच आहे.

कास्ट्रीजच्या मधोमध असलेल्या चौकाचे नाव पूर्वी कोलंबस चौक होते. १९९३ साली ते डेरेक वॉलकॉट चौक झाले. वॉलकॉट यांना १९९२ साली साहित्याचे नोबेल मिळाले, त्याआधी १९७९ साली याच बेटाच्या आर्थर लुईस यांना अर्थशास्त्राचे. दोघांचाही वाढदिवस २३ जानेवारी, असे सांगताना बाईंचा आवाज थोडा चढला. पण चौकात आमची नजर खिळली ती तिथल्या ‘सामान’ नावाच्या प्रचंड वृक्षावर. बेळगावच्या कँपात रस्त्यावर कमान धरणारी विलायती शिरीषाची झाडे आहेत ना, तीच जात! खाली एक म्हातारा कोळशावर भाजलेला ब्रेडफ्रूट विकत होता. विहीणबाईंनी तो पाहताच “अगं बाई, हा तर निरफणस,” म्हणून ओळखला, आणि गोव्यात याचे रव्यात घोळवून काप कसे करतात हे थेट बाईंनाच हातवारे करून सांगितले. त्या संभाषणात माझी गरज कुणालाही भासली नाही.

तक्रार म्हणाल तर एकच आहे. धक्क्याजवळ आल्यावर बाईंनी गाडी एका ओळखीच्या दुकानापुढे उभी केली, आणि तिथे मसाल्याच्या बाटल्या बाहेरच्यापेक्षा महाग होत्या. ही रीत आपल्याकडेही आहे, म्हणून मी दोन बाटल्या घेतल्या. ठरलेले पैसे अमेरिकी डॉलरमध्ये रोख दिले, वर थोडे जास्त दिले, आणि साडेतीनला आम्ही फाटकाच्या आत होतो. पाचची हजेरी होती.

पाचला पाच मिनिटे कमी असताना वरच्या डेकवर गर्दी झाली. खाली धक्क्यावर एक जोडपे चपला हातात घेऊन धावत येत होते आणि वरचे लोक टाळ्या वाजवीत होते. ते आत आले, शिडी उचलली गेली, भोंगा झाला.

“अहो, आता तरी ते घड्याळ लावा,” पत्नी म्हणाली.

मी मनगटाकडे पाहिले. चार वाजत आले होते. मुलगी आता कामावरून निघण्याच्या बेतात असणार. मी घड्याळ तसेच ठेवले आणि फोनला रेंज असेपर्यंत तिला फोन लावला.