पहिल्या काही सेकंदांचा गुंता: पोटॅशियम कामाला लागलं

झालं एकदाचं! व्यायामात स्नायूतला रक्तप्रवाह कसा वाढतो याचं संगणकी मॉडेल मी बनवतोय, आणि आता त्यात स्नायूचं आकुंचन सुरू होताच रक्तप्रवाह उसळतोय. आधी मॉडेलमधल्या प्रवाहाचा आलेख असा होता: सुरुवातीला सपाट, मग रेंगाळत चढण. खरा स्नायू इतका थांबत नाही, एकदोन ठोक्यांतच प्रवाह वाढलेला असतो.

ऑक्सिजन घटला की धमनिका (स्नायूत रक्त सोडणारी बारीक धमनी) रुंदावते, एवढ्या फीडबॅकवर हे जमणारच नव्हतं. गेन, म्हणजे या फीडबॅकचा जोर, वाढवला की सगळं झोके खायला लागे. मग मसल पंप जोडला: आकुंचनाने शिरा पिळल्या जातात, दाबातला फरक वाढतो, उसळी लगेच येते. पण एकच झटपट आकुंचन दिलं, तर शिरा पुन्हा भरताच ती गायब! माणसाच्या कोपराखालच्या हातावर हा प्रयोग 1964 मध्येच झालाय आणि तिथे प्रवाह नंतरही काही सेकंद वाढलेला राहतो. म्हणजे धमनिका खरोखर सैल होते.

आकुंचन पावणारे तंतू पोटॅशियम बाहेर टाकतात, म्हणून ते घातलं. तर धमनिका उलट आवळली! गणित सरळ आहे: बाहेरचं पोटॅशियम लिटरमागे 4 वरून 8 मिलिमोलवर गेलं की त्याचं नर्न्स्ट विभव (ज्या विद्युतदाबाला पोटॅशियमची ये-जा समतोल होते तो) -95 वरून -76 मिलिव्होल्टवर येतं. नुसतं एवढंच धरलं तर धमनिकेच्या भिंतीतली स्नायुपेशी चेतवली जाणार आणि आवळणार. सुटका केली किर (Kir) चॅनेलनी, म्हणजे पेशीच्या पटलातल्या एका प्रकारच्या पोटॅशियम-वाटांनी. पोटॅशियम थोडं वाढलं की त्यांची वाहकता वाढते. धमनिकेची स्नायुपेशी मुळात -40 च्या आसपास असते, त्यामुळे ती -76 कडे ओढली जाते, कॅल्शियमची आवक घटते, पेशी सैलावते. त्रिज्या जेमतेम 19 टक्के वाढली तरी प्रवाह दुप्पट, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो. तो आलेख मी उगाचच पुन्हा पुन्हा काढून पाहिला.

समीकरणं सोडवायला ठरावीक टप्प्याची रुंगे-कुट्टा पद्धत मात्र इथे विसरा. विभव मिलिसेकंदांत हलतं, ऑक्सिजन सेकंदांत. असे वेगवेगळे वेग एकत्र पेलणारा स्टिफ सॉल्व्हरच घ्या. आणि कातडीवर चिकटवायचे इन्फ्रारेड सेन्सर ऑक्सिजनचं प्रमाण दाखवतात, प्रवाह नव्हे. पडताळणीला रक्ताचा वेग मोजणारा डॉपलर अल्ट्रासाउंडच हवा.

पुढे अ‍ॅडेनोसिन (रक्तवाहिन्या रुंदावणारं आणखी एक रसायन) घालणार होतो. पण लिहितालिहिता आठवलं, आकुंचन न करता नुसत्या कफने हात दाबून सोडला तरी धमनिका रुंदावते. त्यात पोटॅशियमचा हात कुठे? अ‍ॅडेनोसिन थांबेल. आधी धमनिकेच्या भिंतीवरच्या दाबाची वेगळी टर्म समीकरणात लिहितो, मग किर चॅनेल आणि सोडियम-पोटॅशियम पंप दोन्ही बंद करून बघतो. माणसांत बेरियम (किर चॅनेल बंद करतं) आणि ओउबेन (तो पंप बंद करतं) देऊन हे केलंय, आणि सुरुवातीची बरीचशी वाढ मावळते. दोन्ही बंद असताना माझ्या दाबाच्या टर्ममुळे मॉडेलमध्ये माणसांपेक्षा जास्त वाढ उरायला लागली, तर तिला कात्री.