लाईट गेली, यूपीएस ओरडला आणि विंडोजला ऐकूच गेलं नाही

मामेभावाच्या सीए ऑफिसातला सर्व्हर मी बघतो. बघतो म्हणजे पगारबिगार काही नाही, गणपतीला जेवायला बोलावतात आणि वर्षभर फोन करतात. तर जुलैचा शेवटचा आठवडा, रिटर्न भरायची गडबड, संध्याकाळी सव्वासातला दादाचा फोन, "अरे लाईट जाऊन आली, पण तुझं ते डबडं काही चालू होईना, आणि झालंच तरी माझी फाईल नीट असेल ना रे?"

डबडं म्हणजे एक जुना टॉवर, त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच मशीनवर अनेक कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्याच्यात तीन व्हीएम, म्हणजे असे आतले कॉम्प्युटर. एक छोटी डीएनएसची, म्हणजे नेटवर्कवरची नावं शोधून देणारी, एक डेबियन (लिनक्स) ज्याच्यावर सगळ्यांच्या फाईली शेअर केल्यात, आणि एक विंडोज सर्व्हर अकाउंटिंगसाठी. यूपीएस यूएसबीने होस्टला, म्हणजे त्या टॉवरलाच जोडलेला, त्यावर नट हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर चालू, म्हणजे बॅटरी संपत आली की होस्टने स्वतःहून बंद व्हायचं. हे सगळं मी स्वतः बसवलं होतं आणि त्या दिवशी घरी येऊन बायकोला सांगितलं होतं की आता लाईट गेली तरी टेन्शन नाही. टेस्ट मात्र केली नव्हती.

दादाची डेबियनवरची एक्सेल फाईल उघडेचना. आकार बघितला तर शून्य बाइट. नाव आहे, तारीख आहे, आत काहीच नाही. ईएक्सटी४ वर, म्हणजे लिनक्स डिस्कवर फाईली ज्या पद्धतीने ठेवतं त्यात, हे होतं, फाईल नुकतीच सेव्ह केलेली असते, नाव डिस्कवर लागलेलं असतं पण डेटा अजून मेमरीतच असतो आणि तेवढ्यात करंट जातो. दुपारचा बॅकअप होता म्हणून चार तासांच्या कामावर भागलं, तरी दादा दोन दिवस माझ्याशी "हो" आणि "नाही" एवढंच बोलत होता.

रात्री होस्टचा लॉग काढून बसलो. सात वाजून बारा मिनिटांनी यूपीएसने लो बॅटरी सांगितलं, होस्ट बंद व्हायला लागला, विंडोजला शटडाउन पाठवलं आणि तिथून पुढे दीड मिनिट काहीच नाही. मग लॉगच संपला. डेबियनचं नावसुद्धा त्यात नाही, म्हणजे तिला कुणी बंद हो म्हणून सांगितलंच नव्हतं.

झालं असं की मी चालू होण्याचा क्रम लावला होता, आधी डीएनएस, मग डेबियन, मग विंडोज, आणि बंद होताना प्रॉक्समॉक्स हाच क्रम उलटा घेतो. विंडोज पहिली. ती बंद होईपर्यंत किंवा वेळ संपेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं, आणि ही वेळ मुळात १८० सेकंद असते. १८० झाले की प्रॉक्समॉक्स तिची मान पिरगळतो, म्हणजे जबरदस्तीने बंद करतो, आणि पुढच्या व्हीएमकडे जातो. पण आमच्या दोन वर्षांच्या बॅटरीत लो बॅटरीनंतर जेमतेम ९० सेकंद उरले होते. क्रमच लावला नसता तर तिघींना एकदम निरोप गेला असता आणि डेबियन आरामात वाचली असती, हे कळल्यावर जास्त राग आला. बरं, जिच्यामुळे हे झालं त्या विंडोजला काही म्हणजे काही झालं नाही, इव्हेंट लॉगमध्ये ६००८ ची एक एंट्री, मागचं शटडाउन अनपेक्षित होतं म्हणून, की झालं.

आता विंडोजने ऐकलं का नाही? कारण मी प्रॉक्समॉक्सच्या ऑप्शनमध्ये गेस्ट एजंटची, म्हणजे व्हीएमच्या आत बसून होस्टचे निरोप घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, टिक मारली होती आणि आत एजंट टाकलाच नव्हता. टिक नसेल तर प्रॉक्समॉक्स एसीपीआयने, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेहमीच्या पॉवर सिग्नलने, साधं पॉवर बटण दाबल्यासारखं करतो. टिक असेल तर तो एजंटलाच सांगतो, आणि आत एजंट नसेल तर वेळ संपेपर्यंत वाट बघत बसतो. रिकाम्या घराची बेल वाजवत उभं राहायचं. व्हर्टआयओच्या, म्हणजे व्हीएमसाठीच्या ड्रायव्हरच्या, आयएसओ डिस्कमध्ये गेस्ट एजंटचा फोल्डर असतो, तिथला एमएसआय इन्स्टॉलर टाकला, एजंटला होस्टशी बोलायला सिरीयलचा ड्रायव्हरही लागतो तो टाकला. टिक नव्याने मारणार असाल तर व्हीएम आतून नुसती रीस्टार्ट करून चालत नाही, पूर्ण बंद करून परत चालू करावी लागते. आणि नुसत्या एसीपीआयवरही डोळे झाकून विसंबू नका, विंडोजमध्ये पॉवर बटणाला "काही करू नका" लावलेलं असलं की तिकडेही हीच बोंब.

मित्र म्हणाला प्रॉक्समॉक्सऐवजी मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही घे, तिथे मुळातच सेव्ह लावलेलं असतं, म्हणजे व्हीएमची मेमरी आहे तशी डिस्कवर लिहून ठेवायची, शटडाउनची भानगडच नाही. खरंय, पण १६ जीबी मेमरी साध्या हार्डडिस्कवर सेकंदाला १०० एमबीने लिहायची म्हटली तरी १६० सेकंद झाले की, आणि बॅटरी तीच.

तर बसून हिशोब केला. नवीन बॅटरी टाकली, सगळं चालू ठेवून मोजलं तर नऊ मिनिटं. विंडोजला १२०, डेबियनला ६०, डीएनएसला ३० सेकंद, म्हणजे वाईटात वाईट साडेतीन मिनिटं, होस्टचं अर्धं धरून चार. लो बॅटरीची वाट बघायचीच नाही, लाईट जाऊन दोन मिनिटं झाली की टायमरने शटडाउन सुरू, मधे आली तर टायमर रद्द. सहा मिनिटांत खेळ खलास, तीन हातात.

टायमरच्या स्क्रिप्टमध्ये मी आधी सरळ शटडाउनची कमांड लिहिली होती. चूक. समजा होस्ट बंद होत असतानाच लाईट आली, तर होस्ट बंद होतो पण यूपीएसचा करंट कधी तुटतच नाही, मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, "करंट आला की चालू हो" लावून काय उपयोग, त्याच्या दृष्टीने करंट गेलाच नाही.  म्हणून स्क्रिप्टमधून नटलाच सांगायचं की आता जबरदस्तीचं शटडाउन घे. तो तशी खूण (फ्लॅग) ठेवतो आणि होस्ट शेवटच्या क्षणी यूपीएसला आउटपुट तोडायला लावतो, मेन लाईट असली की यूपीएस परत देतो. सगळ्या यूपीएसना हे जमत नाही, आमच्याला जमतं.

शनिवारी दुपारी सगळे घरी गेल्यावर दादाला समोर बसवलं आणि भिंतीतला प्लग त्याच्याच हाताने काढायला लावला. दोन मिनिटं नुसतं पीं पीं. मग विंडोज ४८ सेकंदात, डेबियन ११, डीएनएस कधी गेली कळलंच नाही. मुद्दाम अर्ध्यातच प्लग परत लावला, होस्ट बंद झाला, यूपीएस खट्कन गेला, थोड्या वेळाने आला आणि पंखे फिरायला लागले. दादा म्हणाला, "हे आधीच करता आलं नसतं का?" मी चहा मागवला.

विंडोज अपडेट अडकलेलं असताना लाईट गेली तर १२० सेकंद पुरत नाहीत, ते मला माहितीये. ते अपडेट आता मीच शनिवारी दुपारी हाताने टाकतो, यूपीएसकडे बघत.