न्याय मंदिरात हॉस्टेल केलं तर?

भाचा जळगावहून बडोद्याला शिकायला आलाय, हॉस्टेलच्या यादीत नाव नाही, आमच्या दांडिया बाजारातल्या दीड खोलीत आधीच चार माणसं, म्हणून तीन दिवस मामा-भाचे पीजी शोधत फिरतोय. फतेहगंज झालं, सयाजीगंज झालं. काल सेव उसळ खाऊन सुरसागर तळ्यापाशी स्कूटर लावली तर हा समोर बघून म्हणतो, मामा, एवढं मोठं रिकामं पडलंय ना, इथेच ठेवा की आम्हाला.

समोर म्हणजे न्याय मंदिर. १८९६ चं, रॉबर्ट चिझम या ब्रिटिश आर्किटेक्टचं डिझाइन, इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या आर्ट्स फॅकल्टीचा घुमट पण त्याचाच. खरं तर बांधलं होतं मंडईसाठी, सयाजीराव महाराजांनी पहिल्या राणीसाहेबांचं, चिमणाबाईंचं नाव दिलं, मग कोर्टच झालं. आता कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं आणि म्युझियमच्या गोष्टी ऐकतोय. म्हणजे मंडईचं कोर्ट होऊ शकतं, मग कोर्टाचं हॉस्टेल का नाही?

मी हसलो खरा पण रात्री झोपच येईना. वाड्याच्या केसच्या तारखेला बाबांबरोबर तिथे बसलोय मी, मधला हॉल एवढा उंच की मान दुखायची. त्यात माळे घालून खोल्या पाडल्या तर वाटच लागेल, तो हॉल अभ्यासिका म्हणून मोकळाच ठेवायचा, खोल्या फक्त कडेच्या भागात, त्यापण लाकडी पार्टिशनच्या, उद्या काढता येतील अशा, जुन्या भिंतीला खिळा न मारता. खरी भानगड बाथरूमची. जुन्या चुन्याच्या भिंतीत पाणी मुरलं की संपलंच, आणि पोरं अंघोळीला पाणी किती सांडतात हे मी तीन दिवस बघतोय! त्यामुळे संडास-बाथरूम मागे वेगळं बांधायचं. आग लागली तर उतरायला दुसरा जिना पण हवा.

ऑस्लोत तर १९५३ चं सायलो, म्हणजे धान्य साठवायच्या उंच गोल कोठ्या, २००१ मध्ये विद्यार्थ्यांसाठी घरं केलं, खोल्या गोल. कपाट कुठे लावत असतील देव जाणे.

हे सगळं सकाळी ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणे, आधी पोराच्या जेवणाचं बघ.

शेवटी बाबाजीपुऱ्यात एका काकूंकडे खोली मिळाली. दोन महिन्यांचं डिपॉझिट, नॉनव्हेज नाही, रात्री दहाला गेट बंद, आणि दिवसा पंखा नाही.